कोणता आवाज

कंपनीचं पत्र आलं, पाचव्यांदा.
सोबत एक फोटो, कुणाच्या तरी फेसबुकवरून उचललेला:
अशोकस्तंभापाशी मिरवणूक, कपाळभर गुलाल,
कमरेला ढोल बांधलेला माझा नवरा,
बावीस वर्षांचा, डोळे मिटून.
खाली एकच ओळ.
अर्जदाराचे बहिरेपण जहाजावरील कामामुळे आले
असे म्हणता येत नाही.

म्हणजे नाशिकनं त्याचे कान नेले.

साहेब, ढोल वर्षातून दहा दिवस.
त्यातले दोन दिवस ताशावाल्याशी भांडण्यात जायचे.
इंजिनरूम पहाटे चार ते आठ, दुपारी पुन्हा चार ते आठ,
नऊ नऊ महिने, आणि असे करार अकरा.
हा गुणाकार मी ब्लाउजच्या मापांच्या वहीत
मागच्या पानावर करून ठेवलाय.
वकीलबाई म्हणाल्या, बरोबर आहे हो,
पण वही पुरावा होत नाही.

पुरावा म्हणजे लॉगबुक.
ते जहाजाबरोबर विकलं गेलं. नाव बदललं, झेंडा बदलला,
आता कुठं आहे ते कुणी सांगत नाही.
पुरावा म्हणजे इअरमफ मिळाल्याची सही.
ती मात्र त्यांनी जपून ठेवली आहे,
आणि ती त्याचीच आहे, र चा पाय लांब ओढलेला.
बारा जणांत चार इअरमफ होते,
त्यातल्या एकाचा फोम उंदरानं खाल्लेला,
हे कुठल्याच कागदावर नाही.

पत्र लिहिणाऱ्यानं कानावर हात ठेवले.
ज्यानं ठेवायला हवे होते
त्याचे दोन्ही हात कामात होते.

चढताना दर वेळी त्यांच्याच डॉक्टरचा शिक्का: योग्य.
अकरा शिक्के.
शेवटचं उतरल्यावर कळलं
की कान आधीपासूनच गेलेला होता.

कधीपासून, हे मलाही विचारलं.
मला तारीख येत नाही.
एवढं आठवतं, मुलगी झाली तेव्हा फोनवर म्हटलं,
शर्वरी ठेवूया.
तो म्हणाला, अर्वरी? असं कुठं नाव असतं?
मला वाटलं, लाइन खराब आहे.
आठ वर्षं मी लाइनला दोष दिला.
तो आधी हो म्हणायचा,
मग विचारायचा, काय?

सासऱ्यांनी समुद्र न बघताच नाव ठेवलं होतं रत्नाकर.
गंगापूर धरण भरलं की दाखवायला न्यायचे, म्हणे,
बघ, केवढं पाणी.

एक साक्षीदार सापडला. रोडेलियो, फिलिपिन्सचा,
त्याच पाळीचा, त्याच जनरेटरशेजारचा.
त्यानं व्हॉइस मेसेज पाठवला, साडेतीन मिनिटांचा.
मी ऐकला. यांनी पडद्यावर आवाजाच्या रेघा
उंच होताना, खाली जाताना पाहिल्या.
त्याचं इंग्रजी मला निम्मंच कळलं.
पण तो ओरडून बोलत होता, स्वतःच्या घरात,
मागे त्याची बायको काहीतरी सांगत होती,
तीही ओरडूनच.
मी वकीलबाईंना म्हटलं, हाच पुरावा.
त्या थोडा वेळ गप्प बसल्या.
मग म्हणाल्या, शपथपत्र लागेल.

त्या रात्री यांनी माळ्यावरून ढोल काढला.
पान सैल पडलेलं, दोरीला बुरशी.
वाजवला नाही.
तळहात टेकवून बसले नुसते,
तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.
मी म्हटलं, कुणी फोटो काढील. ठेवा वर.
ऐकलं नाही, अर्थातच.

सोमवारी तारीख आहे. पहाटेची गाडी.
कसारा घाट उतरताना माझ्या कानाला दडे बसतील,
दर वेळी बसतात.
मी मुद्दाम आवंढा गिळत नाही.
तेवढ्या वेळात ते खिडकीबाहेर बोट दाखवून काहीतरी सांगतात.
मी आधी हो म्हणते,
मग विचारते, काय?